टाकीत बुडवलेली सायकल

एनिस,
११ एप्रिल २०१२

प्रिय स्वरांगी,

महिन्यापूर्वी पर्थहून हृषीकेशचा फोन आला. गॅरेज रिकामं करशील तेव्हा स्वरांगीची सायकल स्किपमध्ये, त्या भंगाराच्या मोठ्या पेटीत, टाकून दे, म्हणाला. मी म्हटलं, सायकल तिची आहे, तिला विचारल्याशिवाय टाकणार नाही. त्यावर तो म्हणाला, आई, आम्ही वेगळे झालो, आता तिचा तुझा काय संबंध? फोनवर सांगून कळण्यातलं ते नव्हतं. म्हणून हे पत्र. मधला महिना मी गप्प बसले नव्हते, सायकलीच्याच मागे होते.

मी कंपनीत काय करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. तू जेवताना विचारायचीस आणि हृषीकेश मध्येच म्हणायचा, आई लोखंडाला आंघोळ घालते. अगदीच चूक नाही. आम्ही ट्रेलरचे लोखंडी भाग धुऊन रंगाच्या टाकीत बुडवतो आणि वीज सोडतो. विजेच्या ओढीनं रंग लोखंडावर जाऊन बसतो, ब्रश पोचत नाही तिथंही, नळीच्या आतसुद्धा. मग भट्टीत भाजायचं. इथल्या हवेत वरवरच्या रंगाचा निभाव लागत नाही, गंज आतून धरतो. कॉलेजात हाच प्रयोग तांब्याच्या पट्टीवर केला होता. पुढे संसारात ते सगळं विसरले असं वाटत होतं, पण शॅननला कामाला लागले तेव्हा लक्षात आलं की विसरले नव्हते.

तुझ्या सायकलीचंही तसंच. बाहेरून नुसते डाग होते, पण सीटची दांडी उपसली तेव्हा आतून तपकिरी भुकटी सांडली. नुसता वरून हात फिरवून भागणार नव्हतं. टाकीतच घालायला हवी होती, आणि तिथं अडचण होती. टाकीत बाहेरची वस्तू घालायची नाही, असा कागद भिंतीवर आहे. तो मीच लावलाय. वस्तूवरचं थेंबभर ग्रीस टाकीत गेलं तरी पुढच्या सगळ्या मालावर खड्डे पडतात. आमचा मुकादम डोनल एकदा शेजाऱ्याचं गेट घेऊन आला होता, ते मी त्याला तसंच परत न्यायला लावलं. आता मीच सायकल घेऊन उभी! त्यानं हातातला चहा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, मिसेस के, चष्मा आणून देऊ का? सगळी लाइन हसली. हसू दिलं. मॅनेजरची परवानगी काढली आणि शनिवारी-शनिवारी घरी बसून सायकल मोकळी केली, जुना रंग खरवडला, घासली, धुतली. डोनलनं फ्रेम उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, ग्रँड, हिच्यावर वाढून जेवता येईल.

पण टांगायची कुठून, यावर वाद झालाच. हुक धरतो तिथं रंग बसत नाही. तो म्हणाला, पुढच्या नळीतून टांगू, सोपं जाईल. मी म्हटलं, तिथं चाकाचं पाणी उडतं, सीटखाली धरू. तेवढी जागा उघडी राहणारच. धरल्याशिवाय टाकीत सोडता येत नाही, आणि वीजही तिथूनच जाते.

इकडे बाकी ठीक. ह्यांच्या मागे हे घर एकटीला मोठं होतं, म्हणून मी शॅननला कंपनीजवळ फ्लॅट घेतलाय. तुझ्या स्लायगोच्या वॉर्डात माणसं कमी आहेत असं तुमचा मित्र आलोक सांगत होता. वेळेवर जेव. डॉक्टर लोक दुसऱ्यांना सांगतात आणि स्वतः टोस्टवर राहतात.

आता खरं कारण. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, मी आता तुम्हाला काय म्हणू? मी म्हटलं, कुकर लावलाय, आणि फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. उत्तर सायकल घासताना सुचलं. दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात एनिसमध्ये पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या आणि तुझ्या सासऱ्यांचं इन्सुलिन संपलं. तू ड्यूटी संपवून, इन्सुलिनची पिशवी गळ्यात बांधून, गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत आलीस. मी तुला टॉवेल दिला, चहा टाकला. ह्यांनी इंजेक्शन घेतलं. सायकल बाहेर तशीच निथळत राहिली, ती पुसायचं कुणाला सुचलं नाही. आतला गंज तेव्हाचा आहे. हृषीकेशनं संबंध विचारला ना, तो हा. तेव्हा ऐक. आई म्हणायला लागलीस तेव्हा कुणी कागद केला नव्हता, त्यामुळे कागदानं ते मोडत नाही. जड जात असेल तर काहीच म्हणू नकोस, पण रविवारचा फोन करत जा. कुकर आधीच उतरवून ठेवीन.

तुझीच,
आई

शनिवारी आलोक स्लायगोला येतोय. त्याच्या गाडीत दिलंय: सायकलची फ्रेम, काळी. चाकं, हँडल, सीट वेगळी बांधून. ब्रेकच्या नव्या वायरी. ग्रीसची डबी. सीटखाली नखाएवढी जागा उघडी आहे, तिथं हिवाळ्याआधी ग्रीस लावायचं. ते तुझ्याकडे.