फुलदाणीखालचा अर्ज

प्रिय आई, प्रेमाचा सलाम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. बाळंतपणासाठी बायकांना दवाखान्यात आणायला सरकारने गाडी द्यावी, म्हणून पाच महिन्यांपूर्वी मी चर्चमधल्या बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. "अर्ज मी स्वतः कचेरीत नेऊन देतो," असं पाळकसाहेब म्हणाले, आणि मी निर्धास्त झाले.

परवा सुताराची बायको पोटातल्या बाळासकट वाटेतच गेली. काल तिच्या अंत्यविधीआधी वेदीवरची फुलदाणी पुसायला उचलली, तर खाली तोच अर्ज. फुलदाणी डुगडुगू नये म्हणून घडी घालून ठेवलेला. पहिली सही तिचीच होती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना मात्र फार सुंदर केली.

वहिनीचे दिवस भरत आले ना? तिकडे कुणीही शब्द देवो, गाडी तू स्वतः जाऊन ठरव.

तुझी लेक,
नर्सबाई