झोक्याची दोरी

सातारा,
बुधवार, एप्रिल १९९७

प्रिय रेश्मा,

तुझं पत्र आणि आप्पासोने छापून सोबत जोडलेला तुझा चैत्रातला फोटो, दोन्ही सांगलीहून फिरत फिरत काल इथे पोचली. गाण्याच्या तालमीमुळे या महिन्यात आपल्या फोटो मंडळाच्या बैठकीला जमलं नाही, म्हणून अभिप्राय पत्रानेच कळवा, असं तू लिहिलंस. कळवतो. आपल्या नेहमीच्याच क्रमाने कळवतो: आधी काय दिसलं, मग काय खटकलं, शेवटी काय करावं. तुझ्या म्हाताऱ्या मास्तरला मधेच कवितेत शिरायची खोड आहे, तरी एकही ओळ गाळू नकोस. परवा शुक्रवारी तुमच्या वाडीच्या टाकीत पहिल्यांदा पाणी चढणार, आणि तुझी शाळेतली पोरं तिच्याच सावलीत उभी राहून मी लिहून दिलेलं पाण्याचं गाणं म्हणणार. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

मी इथे लेकीकडे, स्वप्नाकडे आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पट्टी आहे, प्रवासाला डॉक्टरांची सक्त मनाई. स्वप्ना वाचायलाही देत नाही. "बाबा, आता डोळे मिटून जेवढ्या कविता आठवतील तेवढ्या म्हणा," म्हणते. म्हणतो बापडा. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, दुपारी तो उन्हात विरघळल्यासारखा होतो आणि मला माझा सातवीचा वर्ग आठवतो. मी फूटपट्टीने टेबलावर मात्रा मोजायचो आणि तू दुसऱ्या बाकावरून चालीत म्हणायचीस. एखादी मात्रा ढळली की माझी पट्टी थांबायची, आणि तुम्ही सगळ्या ओळखायच्या की कुठेतरी पाय घसरला. तोच कान डोळ्याला असता तर!

प्रदर्शनासाठी तुझ्या फोटोंखाली दोन-दोन ओळी लिहायच्या, म्हणून मी तुझी सगळी मालिका इथे घेऊन आलो होतो. एकच वस्तू, एकाच जागेवरून, वर्षभर: हा नेम मंडळानेच तुम्हा नव्या मंडळींना घालून दिला होता. कोणी नदीचा घाट घेतला, कोणी बाजारातलं वडाचं झाड. तू देवळाच्या पायरीवरून तुमची पाण्याची टाकी घेतलीस. मला तेव्हा हसू आलं होतं. बांधून इतकी वर्षं झाली, एक थेंब पाणी पाहिलं नाही, आणि त्या टाकीत ही पोरगी काय बघणार? पण बैठकीत पहिलाच फोटो दोरीला चिमट्याने अडकवला आणि सगळे पुढे सरकून बघायला लागले. मध्ये कोरडी टाकी, उजवीकडे शाळा, टाकीच्या खालच्या तुळईला पोरांनी टांगलेला टायरचा झोका, कठड्यावर पारव्यांची रांग. एवढी तहान मी कुठल्या कवितेत वाचली नव्हती.

मग पौष आला. आप्पासोने चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "रेश्मा, लय ग्वाड फोटो हाय. पण टाकी तिरकी आलीया. बघणाऱ्याची मान मोडतीया बाई. कॅमेरा सरळ धर." कुपवाडचा नानासो तर सुटलाच, "आवं, कॅमेऱ्याला बी तहान लागली आसंल. वाकून बघतुय टाकीत हाय का काय!" सगळे हसले, तूही हसलीस. मी उभा राहून सांगितलं की तिरकी आहे तेच बरं आहे, शाळेतल्या पोरांचं बोलणं ऐकायला एखादी आजी वाकावी तशी ती टाकी वाकली आहे. माझ्या त्या वाक्याला टाळ्या पडल्या. आता ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते.

माघातल्या बैठकीत तू तोंड उघडलंस. "पण आप्पासो, मी कॅमेरा..." एवढंच. आप्पासोने हात वर केला, "नियम म्हंजी नियम. ज्याचा फोटो, त्यानं ऐकायचं. शेवटाला फकस्त 'घेतलं' म्हणायचं." हा नियम चांगला आहे, रेश्मा. त्याने कित्येकांचा अहंकार गळला. फोटो म्हणजे पोटचं पोर, त्याच्यावर कोणी बोललं की आईबाप अंगावर धावून येतात, म्हणून तो केला. तू खाली बघून "घेतलं" म्हणालीस. नंतर स्टँडवर कवठे महांकाळच्या गाडीची वाट बघताना तू मला सांगितलंस की वडिलांनी फौजेतून आणलेला तो कॅमेरा तू हातात धरत नाहीस, पायरीवरच्या सपाट दगडावर ठेवून फोटो काढतेस. मला ते इतकं गोड वाटलं की मी त्याच्यावर चार ओळी रचत घरी गेलो.

त्यानंतरचे फोटो सरळ आले. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, सूचना कशी घ्यावी ते रेश्माकडून शिका, म्हणाले. पण तू काहीच बदललं नव्हतंस ना? काल संध्याकाळी मी ते सगळे ओळीने गादीवर मांडले. एकच डोळा उघडा असला की जग कागदासारखं सपाट दिसतं. फाल्गुनातली टाकी सरळ होती, पण झोक्याची दोरी तिरकी. वाटलं, वारा असेल. चैत्रातला फोटो उचलला. टाकी सरळ, दोरी आणखी तिरकी. पारवे नाहीत. मग मागचे, मार्गशीर्ष-पौषातले घेतले. तिथे टाकी तिरकी, आणि दोरी ताठ. मी मात्रा मोजाव्यात तसं बोटाने मोजत गेलो. पहिल्या फोटोत टायर आणि खांब यांच्यामध्ये मोठ्या माणसाची मूठ मावेल एवढी फट आहे. दर महिन्याला ती बारीक होत गेली आहे. चैत्रात टायर खांबाला टेकला आहे. कॅमेरा तिरका असता, तर दोरीही खांबाबरोबरच कलली असती, मधली फट तेवढीच राहिली असती. म्हणजे कलते आहे ती टाकीच. दोरीला आपण कोण सूचना देणार? ती बिचारी फक्त जमिनीकडे बघते.

आणि मार्गशीर्षापासूनच टाकीच्या पायाशी, शाळेच्या बाजूला, मातीचा ढीग दिसतो. नव्या पाइपलाइनचा चर. खांबाच्या अगदी बगलेतून गेला आहे तो.

सकाळी एस.टी.डी. बूथवरून आप्पासोला फोन लावला. त्याला म्हटलं, फाल्गुन-चैत्राच्या निगेटिव्ह काढ, छापताना तू काय केलंस ते सांग. तो म्हणाला, "मास्तर, पोरीचं काम चांगलं दिसावं म्हणून कागुद जरा फिरवला, टाकी सरळ केली, कडा कापल्या. त्यात काय?" मी त्याला दोरी बघायला सांगितलं. तो निगेटिव्ह उजेडात धरून एकेक बघत गेला. मग तो हळूच म्हणाला, "घेतलं." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

तुमच्या सरपंचांनाही फोन केला. आकारामराव हसले. "मास्तर, फोटू बघून टाकी पडती व्हय? इतकी वर्सं हुबी हाय. तुमी यवा गाणं ऐकायला." त्यांचा दोष नाही. मी टाकीला आजी म्हणणारा माणूस, माझा कोण विश्वास धरणार? म्हणून तोंडी निरोप धाडत नाही. हे पत्र सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे. आप्पासो त्याला निगेटिव्हवरून न फिरवता, न कापता छापलेले फोटो जोडेल, आणि नानासो स्कूटरवर तुझ्यापर्यंत आणेल. या वेळी तो चेष्टा करणार नाही.

आता शेवटचं, काय करावं ते. आधी पोरांना हलव. सावली असली तरी टाकीखाली नको, आणि शाळेतही नको, ती तिकडेच कलली आहे. त्यांना देवळापाशी ने, जिथून तू फोटो काढतेस तिथे. मग आकारामरावांना हाताला धरून झोक्यापाशी आण आणि टायर व खांबाच्या मध्ये त्यांची मूठ घालायला सांग. जाणार नाही. कोरडी असताना तिची ही गत आहे, रेश्मा. वर पाणी चढेल तेव्हा काय होईल, ते मला लिहवत नाही. तालुक्याचा इंजिनिअर येऊन बघेपर्यंत व्हॉल्व्हला कोणालाही हात लावू देऊ नकोस. गाणं राहू दे. पाहुणे चिडतील, गाव हसेल, तुला गप्प बस म्हणतील. ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं, हा नियम आमचा होता, तो आम्ही मागे घेतला आहे. तू ओरड. तुझा कॅमेरा पहिल्या दिवसापासून सरळ होता.

तुझाच,
नाथाजी सर