टोमॅटोंना पाऊस लागू नये म्हणून

साउथ फिलाडेल्फिया,
ऑक्टोबरचा पहिला रविवार

प्रिय फिलोमिनाताई,

तुझ्या दोन्ही गालांना मुके आणि भावोजींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझा तुझ्यापेक्षा जास्त दुखतो, पण मी धाकटी असल्याने कोणी विचारत नाही. बाकी आमच्याकडे सगळं उत्तम. माझ्या नवरोबाची, नुन्झियोची तब्येत ठणठणीत आहे (स्वभावही आहे तसाच आहे, औषध निघालेलं नाही).

तू लिहिलंस की ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं सात माशांचं जेवण यंदा न्यू जर्सीला तुझ्या घरी करू, कारण माझ्या तळघरात गटाराचं पाणी येतं. ताई, वाचून मला आधी राग आला आणि मग रडू आलं. आईने त्या तळघरातल्या शेगडीवर जन्मभर मासे तळले (वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायचं असतं, हे तू जर्सीला जाऊन विसरलीस). ते जेवण माझ्या हातून गेलं तर मी आईला वर जाऊन काय तोंड दाखवू? तेव्हा तो विषय सोड. पाण्याचा पक्का बंदोबस्त झाला आहे. कसा, ते सांगते.

आपल्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून जातं. पाऊस वाढला की गटाराला ते झेपत नाही. काही नदीत जातं आणि उरलेलं माझ्याकडे येतं. तर वसंतात पालिकेची मॅकगार्व्ही नावाची इंजिनिअर मुलगी आली आणि कोपऱ्यावर पाऊसबाग करू म्हणाली. म्हणजे रस्त्याकडेला खोलगट खड्डा, तळाशी खडी, वर भुसभुशीत माती, त्यात लांब मुळांची गवतं, आणि फुटपाथच्या कडेला एक खाच. रस्त्यावरचं पाणी खाचेतून आत शिरणार, तिथेच मुरणार आणि गटाराला जरा दम खाता येणार. गल्लीच्या वतीने पालिकेशी बोलणारी कॅप्टन म्हणून सगळ्यांचा होकार मी मिळवला. (सोपं नव्हतं. बागेने एका गाडीची जागा खाल्ली, आणि आपल्याकडे लोक गाडीची जागा धरायला रस्त्यात खुर्ची मांडतात आणि सख्ख्या भावालाही ती हलवू देत नाहीत.)

बाग झाली. पण रिकामी माती आणि इटालियन म्हातारा यांना एका गल्लीत ठेवू नये. नुन्झियोने ती गवतं पाहिली आणि म्हणाला, "सरकारने तण लावलंय, तेही ओळीत." थोड्याच दिवसांत तण गेलं आणि टोमॅटो आले. शेजारच्या पेट्राकाबाईंनी मिरच्या लावल्या आणि मधोमध मदर मेरीचा पुतळा बसवला, त्यामुळे काही उपटून काढायची सोयच उरली नाही. मीही गप्प बसले. टोमॅटो खरंच सुरेख लागले होते.

आणि सप्टेंबरच्या शेवटी वादळाची बातमी आली. जोराचा पाऊस झाला की पिकलेले टोमॅटो तडकतात, हे आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. मग जी धावपळ उडाली! सोफ्यांवरची प्लास्टिकची आवरणं, जी लग्नातही निघाली नाहीत आणि मयतातही निघाली नाहीत, ती लोकांनी आपणहून काढून आणली. बाग कडेकोट झाकली, वर विटा ठेवल्या. रस्त्याचं घाण पाणी आत शिरू नये म्हणून त्या खाचेत वाळूची पोती ठासली. हुकूम मी सोडत होते. एक थेंब आत जाता कामा नये, असं मीच ओरडून सांगितलं. पाऊसबागेला पावसापासून वाचवायचं काम आम्ही जीव तोडून केलं.

पाणी खाचेपाशी आलं, दार बंद दिसलं, तसं जुन्या वाटेने गटारात गेलं आणि तिथून तळघरातल्या जाळीतून वर आलं, ते थेट शेगडीच्या बटणांपर्यंत. मी जिन्यात उभी राहून रडत होते. नुन्झियो बाहेरून चिंब भिजून आला आणि म्हणाला, "कॉन्चेत्ता, एक टोमॅटो भिजला नाही बघ." मी म्हटलं, जरा खाली बघ. त्याने बघितलं आणि म्हणाला, "सरकारी योजना, दुसरं काय होणार."

सकाळी मॅकगार्व्ही आली. तिने प्लास्टिकचं एक टोक उचलून खालचे कोरडे टोमॅटो बघितले. मग तिने विचारलं, "काका, हे कोणी झाकलं?"

"वाऱ्याने उडून आलं असेल," नुन्झियो म्हणाला.

"आणि विटा?"

"वारा फार होता गं पोरी."

टोमॅटो काढा, खाच मोकळी ठेवा, गवतं मी पुन्हा लावते, असं तिने बजावलं. पेट्राकाबाईंनी भीत भीत पुतळ्याचं विचारलं. मुलगी म्हणाली, "त्यांना राहू द्या. इथे पोती न उचललेल्या त्या एकट्याच."

तर आता टोमॅटो गेले, खाच उघडी आहे आणि परवाचा पाऊस बाग गटागट प्यायली. काळजीचं कारण नाही. जेवण इथेच होईल.

तुझी धाकटी,
कॉन्चेत्ता

ता. क. मागच्या महिन्यात पाठवलेल्या टोमॅटो सॉसच्या बरण्या उघडू नकोस. त्या बागेत रस्त्यावरचं तेल आणि कुत्र्यांचं सगळं वाहून येतं, असं मॅकगार्व्ही म्हणाली. उघडल्या असतील तर भावोजींना कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. शेगडी बघायला माणूस आला होता. त्याने आत डोकावलं आणि मयतात काढतात तशी डोक्यावरची टोपी काढली. तेव्हा यंदाचं जेवण तुझ्याकडे. मात्र सगळ्यांना सांग की तू हातापाया पडलीस, ढसाढसा रडलीस, म्हणून मी मोठ्या मनाने हो म्हटलं. आईची कढई घेऊन मी सकाळीच येते. मासे मी तळीन, तू फक्त रडायचं बघ.