दहा सीझन, राजीनामा नाही

रोहा
१२ ऑक्टोबर

प्रिय जितेश,

माझं कागदावरचं पत्र तुला बहुधा पहिल्यांदाच मिळत असेल. तिकडे कतारला, दोह्याला टपाल पोचतं का हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पोस्टातल्या बाईंनी दोनदा तपासून सांगितलं, पोचतं, पण वेळ लागेल. लागू दे. फोनवर लिहिलं असतं तर तू शिफ्टच्या गडबडीत वाचून एक अंगठा पाठवला असतास, आणि मग मलाही पुढचं लिहायला धीर झाला नसता.

आधी खुशाली. बाबांची साखर ताब्यात आहे. उजवा हात तसाच आहे, पण डाव्या हाताने चमचा धरून आता अर्धा भात स्वतः खातात. काशीबाई सकाळी आठला येते, त्यांना आंघोळ घालते, खुर्चीत बसवते आणि दहाला जाते. तिच्या गावाकडे वालाची पेरणी आली की तिचे आठ-पंधरा दिवस खाडे होतील, तसं तिने आधीच बजावून ठेवलंय. लॅपटॉपवरची आपली टीम आठव्या नंबरवर आहे. डॉसनचा गुडघा बरा झाला. तू विचारशील म्हणून सांगितलं. तू टीमचं नेहमी विचारतोस.

दोन वर्षांपूर्वी तू आठ दिवस आला होतास आणि जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेलास, तेव्हा त्यात तो फुटबॉलच्या मॅनेजरचा गेम आहे हे मला माहीतही नव्हतं. फुटबॉल म्हणजे मला आठवायचे ते तुझे चिखलाचे बूट, आई ते ओट्याखाली लपवायची तेवढंच. कंटाळून एका दुपारी उघडला. इंग्लंडातल्या कुठल्या तरी समुद्रकाठच्या गावाचा, पार खालच्या डिव्हिजनमधला क्लब तू अर्धवट सोडला होतास. मी तुला विचारलं, हे बटण कसलं, ते कसलं. तू किती खूश झालास! म्हणालास, "ताई, यात आपण खेळायचं नसतं, आपण माणसं सांभाळायची." मग तुझी चॅलेंजेस सुरू झाली. पहिलं सोपं होतं, पूर्ण सीझन एकही खेळाडू विकत घ्यायचा नाही. दुसरं, स्ट्रायकरशिवाय टीम उतरवायची. त्यात आपण सलग नऊ मॅचेस हरलो आणि क्लबच्या मालकांनी मला तंबी दिली. मग सगळे वीस वर्षांखालचे. प्रत्येक सीझनच्या शेवटी मी तुला स्क्रीनचा फोटो पाठवायचा आणि तू पुढचं चॅलेंज पाठवायचंस. खोटं नाही सांगत, त्या पहिल्या वर्षी तुझ्या मेसेजची मी वाट बघायचे. स्वयंपाक, औषधं, चादरी यांत दुसरं काही नव्हतंच. बाबांच्या दुखण्यात जोह्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना सुटल्यापासून माझ्या हाताला दुसरं कुठलं काम उरलं नव्हतं.

बाबा त्यात कसे आले ते मी तुला तेव्हा फोनवर घाईत सांगितलं होतं, आता नीट सांगते. मी त्यांच्या खुर्चीशेजारी टेबलावर लॅपटॉप ठेवून खेळायचे. त्यांचं लक्ष आहे असं मला वाटत नसे. लकवा आल्यापासून 'व्हय', 'नाय' आणि कळ आली की 'आय गो' एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं. ज्या माणसाच्या आवाजावर बावीस वर्षं पेणच्या स्टँडवरून गाड्या सुटल्या, त्याच्या तोंडात तीन शब्द. एके दिवशी मी आठवड्यातली तिसरी मॅच लावत होते. मर्फीला पुन्हा टीममध्ये घेतलं तर बाबांनी डाव्या हाताने टेबलावर वाटी आपटली. मी बघितलं. त्यांचं तोंड वाकडं होत होतं, कपाळावर घाम आला होता. मग म्हणाले, "मर्फी... डबल... नाय." मला आधी कळेचना. मग कळलं. मर्फीला डबल ड्युटी द्यायची नाही! पेणच्या डेपोत ते ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावायचे ना, लांबच्या गाडीवरून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी लांबची गाडी कधीच द्यायचे नाहीत. मी रडत रडत तुला फोन केला. तू उचलला नाहीस, शिफ्टवर होतास. संध्याकाळी टाळ्यांची सात-आठ चित्रं पाठवलीस आणि खाली लिहिलंस, मग आता पूर्ण सीझन बाबांच्या पद्धतीने!

तो सीझन आम्ही खरंच तसा खेळलो. पंचवीसच्या पंचवीस खेळाडूंना पाळीपाळीने मॅच. कितीही चांगला असला तरी दोन मॅचेसनंतर रेस्ट. कितीही सामान्य असला तरी त्याची पाळी चुकायची नाही. बाबा बोट ठेवायचे, मी क्लिक करायचे. काशीबाईसुद्धा जाता जाता उंबऱ्यात थांबायची आणि गोलकीपरकडे बघून म्हणायची, "ह्या लांबट्याला आज घ्या गो, काल बसवून ठेवला बिचाऱ्याला." आपण अकरावे आलो, पण अख्ख्या लीगमध्ये आपल्याकडे सगळ्यांत कमी माणसं जखमी झाली. त्या सीझनमध्ये बाबांच्या तोंडून तेवीस नवे शब्द आले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत. डॉक्टरांनाही नवल वाटलं.

इथपर्यंत तुला माहीत आहे, आणि ते इथेच संपलं असतं तर हे पत्र लागलं नसतं.

झालं असं, की बाबांना त्याची सवय लागली. दुपारचे तीन वाजले की वाटी आपटायला सुरुवात. मी कपडे धुत असले तरी, माझं डोकं दुखत असलं तरी. वीज गेली तर लहान मुलासारखे रडायचे. मी जरा गादीवर पडले तर "डॉसन... डॉसन..." अशा हाका. आधी मी दुपारी दीड तास तरी बाजारात जाऊन यायचे, भाजी घ्यायचे, नदीच्या पुलापर्यंत चालायचे. ते बंद झालं. या घरातून मी दोन महिने फक्त औषधाच्या दुकानापर्यंत गेले, जितेश. ते दुकान आपल्या दारातून दिसतं. आणि तुझी चॅलेंजेस येतच होती. तू "बाबा कसे आहेत?" एवढं विचारायचास, मी "बरे" म्हणायचे, की लगेच "ताई, ऐक ना, एक भारी आयडिया आहे." तुझं चुकत होतं असं नाही म्हणत. तुला बहुतेक वाटत होतं की हेच तू आमच्यासाठी करू शकतोस. मीही तुला कधी वेगळं काही सांगितलं नाही. फोनवर मी हसत असायचे.

जून संपता संपता चंद्रावतीकाकूंचा फोन आला. पेणच्या पुढे जोह्याला त्यांच्या कारखान्यात मी नऊ वर्षं मूर्तींचे डोळे आखले, तू एकदा मला घ्यायला आला होतास, आठवत असेल. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता त्यांच्याने बारीक काम होत नाही. म्हणाल्या, "आखणीला माणूस नाय गो, पोरं डोळे काढतात तर गणपती घाबरल्यासारखा दिसतो. तू ये. रोज संध्याकाळी परत जा हवं तर." मी नाही म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी डाळीला फोडणी दिली आणि बघितलं तर माझा हात हवेत उलथन्याने पापणीची रेघ काढत होता.

आता जुलैतला तो मंगळवार. तुला मी सांगितलं होतं, बाबा बाथरूममध्ये घसरले आणि कपाळाला टेंगूळ आलं. ते खोटं आहे. काय झालं ते आता सांगते.

त्या दिवशी काशीबाई गेल्यावर बाबांचं पोट बिघडलं. दोनदा चादर बदलली. तिसऱ्यांदा मी मोरीत चादर घासत बसले होते आणि ओट्यावर फोन वाजला. तुझा मेसेज. "ताई, नवं चॅलेंज. दहा सीझन एकच क्लब. काहीही झालं तरी राजीनामा द्यायचा नाही!" पुढे हसरा चेहरा. मीही हसले. खरंच हसले, मोठ्याने, आतून बाबांनी "काय?" विचारलं इतकं मोठ्याने. मग उठले. बाबांना स्वच्छ केलं, खुर्चीत बसवलं, शेजारी पाणी ठेवलं. साडी बदलली. पर्स घेतली. त्यांना म्हणाले, "आलेच." बाहेरून कुलूप लावलं, तेव्हा पावणेबारा होत आले होते, आणि स्टँडवर जाऊन पेणच्या गाडीत बसले.

जोह्याला जायचं असं मी मनाशी म्हणत होते. पण पेणला उतरल्यावर गाडीची चौकशीही केली नाही. फलाटाजवळच्या बाकावर बसले. माइकवर कोणीतरी दुसरंच बोलत होतं, तरुण, भराभर, शब्द खात. जोह्याची गाडी लागली आणि गेली. बाबांच्या वेळचे डेपोतले काळुराम तिथे भेटले, रिटायर होऊनही रोज स्टँडवर येऊन बसतात. "दिनानाथसाहेबांची पोर ना तू? साहेब कसे हायत?" मी म्हणाले, "बरे हायत." ते म्हणाले, "घरी कोण हाय त्यांच्यापाशी?" मी म्हणाले, "भाऊ आलाय." किती सहज निघालं ते तोंडातून. त्यांनी मला चहा पाजला, बाबांच्या आठवणी सांगितल्या, मी मान हलवत राहिले.

घरी पोचले तेव्हा पाच वाजायला आले होते. म्हणजे सव्वापाच तास. बाबा जमिनीवर होते, दाराच्या दिशेने. खुर्चीपासून दारापर्यंत आठ-नऊ हात अंतर आहे, त्यातलं निम्मं ते डाव्या कोपरावर सरकत आले होते. कोपर सोललं होतं, कपाळ टेबलाला लागलं होतं, धोतर ओलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवीसपैकी एकही शब्द बोलले नाहीत. मी त्यांना उचललं, धुतलं, हळद लावली. दुसऱ्या दिवशी काशीबाईने टेंगूळ बघून कंबरेवर हात ठेवले, "ह्ये काय झालं गो?" माझं तोंड उघडायच्या आत बाबांनी डावा हात उचलला आणि बाथरूमकडे बोट केलं. "घसरलो," म्हणाले. हा शब्द ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. कॅलेंडरच्या मागे मी तो लिहिलेला नाही.

तेव्हापासून मी चप्पल पायात घातली की त्यांचा डावा हात खुर्चीचा दांडा घट्ट धरतो. बोटं पांढरी पडतात. मी म्हणते, "बाबा, औषधाच्या दुकानात चाललेय." ते मान हलवतात, पण हात सुटत नाही. तीनला वाटी आपटत नाहीत आता. मीच लॅपटॉप लावते, ते बोट ठेवतात, टीम आठव्या नंबरवर आहे. त्यांना माझी भीती वाटते, जितेश, आणि माझ्याशिवाय त्यांना कोणी नाही. मलाही त्यांच्याशिवाय कोणी नाही, आणि मला माझीच भीती वाटते. या दोन खोल्यांत आम्ही दोघं असे बसलेले असतो.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. काळुरामांनी चहा पाजला म्हणून उशीर झाला, असं मी स्वतःला तीन महिने समजावत आले. ते तर दहा मिनिटांत घरी जेवायला गेले. त्यानंतर रोह्याच्या तीन गाड्या माझ्यासमोर लागल्या, भरल्या आणि सुटल्या. तिन्ही वेळा मी पाटी वाचली आणि बसून राहिले. चौथीत का चढले ते मला आजही सांगता येत नाही. पाऊस आडवा येऊन बाक भिजला, तेवढंच कारण असेल. पुढच्या वेळी बाक कोरडा असला तर काय, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून तुला लिहितेय. काल चंद्रावतीकाकूंचा पुन्हा फोन आला आणि मी हो म्हणाले. एक डिसेंबरपासून सकाळी साडेसातच्या गाडीने मी जोह्याला जाणार. तुझी साठून राहिलेली रजा आहे, तू स्वतःच मागे सांगितलंस. ती घे आणि तीस नोव्हेंबरच्या आत ये. आठ दिवसांसाठी नको, दोन महिन्यांसाठी ये. बाबांना आंघोळ कशी घालायची ते काशीबाई शिकवेल, बाकीचं मी शिकवीन, आणि दिवसभराचं माणूस आपण दोघं मिळून शोधू. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी काकूंना नाही सांगेन; पण मग या घरात काय होईल ते ठाऊक असलेला तू दुसरा माणूस असशील. हे वाचून चिडलास तरी चालेल. फोन करू नकोस. तिकीट काढ.

तुझीच,
ताई