मादीला सोनं चढलं

उदगीर, वैशाख

प्रिय गंगू,

तुझ्या सासूबाईंचा निरोप नायगावहून आलेल्या निवृत्तीनं परवा दुकानात येऊन सांगितला. तुला मूल होत नाही म्हणून जावईबापूंचं, सिद्धलिंगचं, दुसरं लग्न करायचं म्हणतात. त्यावर लिहितोच, पण आधी पाखरांचं ऐक, माझ्या पोटात राहीना झालंय.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आलेले साहेब बदलून जाताना सोनेरी फेजंटची, त्या चिनी रानकोंबड्यांची, जोडी माझ्या गळ्यात मारून गेले, ती तू लग्नाच्या गडबडीत पाहिलीसच. नराच्या डोक्यावर सोनेरी झुलपं, मानेला काळ्या पट्ट्यांची नारिंगी झालर, पोट लालभडक. झालर तोंडावर ओढून मादीभोवती गिरक्या घेतो. मादी मात्र मातकट. उन्हानं रंग विटतो म्हणून जाळीवर पोती टाकली. प्यायला टँकरचं पाणी, पण अंघोळ यांना धुळीची लागते, ती यंदा लई हाय. हिरवा पाला मिळेना, शेवगा ओरबाडून घालतो. शिवाय किडे लागतात. गळ्यात लिंग बांधलेला तुझा अप्पा रोज सकाळी वाळवी गोळा करायलाय. आधी महादेवाची माफी मागतो, मग डबा उघडतो.

मादीनं आजवर एक अंडं घातलं नाही. शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या, देऊन टाका. तुझी आई म्हणाली, अंड्यासाठी थोडीच ठेवलीय, खाते तरी किती.

यंदा तिची पिसं झडली आणि नवी आली ती सोनेरी. मला वाटलं, मोतीबिंदू झाला. पण पोटही लाल व्हायला लागलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आतलं अंडाशय थांबलं की क्वचित असं होतं, आहे मादीच. नर आधी बिचकला, मग अंगावर धावला. तिनंच त्याला कोपऱ्यात दाबलं. आता दोघं एकाच काठीवर झोपतात. दुकान सोडून मी खुर्ची टाकून बघत बसतो.

तुला पाखराची उपमा द्यायला हे लिहिलं नाही. निरोप तुझ्या आईला कसा सांगावा, या विचारात मी दोन दिवस त्या जाळीपाशीच काढले. आज सांगितला. दाणे टाकता टाकता ती म्हणाली, पोरगी काय नातवंडासाठी जन्माला घातली होती? घेऊन या. शुक्रवारच्या एसटीनं नायगावला येतो. ट्रंक भरून ठेव. यायचं नसेल तर चहा पिऊन परत फिरेन, पण ते तुझ्या तोंडून ऐकेन, सासूबाईंच्या नाही.

तुझाच,
अप्पा