सर्वप्रथम प्राचार्य

३ जून
मसुदा समितीवर नेमणूक झाली! शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांचा दर्जा ठरवणारा नवा कायदा येतोय. मंत्र्यांना एक अनुभवी प्राचार्य हवा होता. आणखी तिघांनी नकार दिल्यावर माझं नाव पुढे आलं, असं हेडक्लार्क म्हणाला. हेडक्लार्क जळतो.
संकल्प: आजपासून नियमित डायरी. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.

९ जून
मिरचीचा पुन्हा अर्ज. मिरची म्हणजे आमची गणिताची प्राध्यापिका. नाव मीच ठेवलंय. तिचं म्हणणं, आपल्याकडे सराव-पाठ खोट्या वर्गापुढे होतात, ते बंद करा. खोट्या म्हणजे काय? एक प्रशिक्षणार्थी शिक्षक होतो, बाकीचे बाकांवर बसून दहा वर्षांची मुलं होतात. कुणी हुशार, कुणी खोडकर, कुणी मठ्ठ. भूमिका मी स्वतः वाटून देतो. वर्षानुवर्षं सुरळीत चाललंय. खऱ्या शाळेत पाठवायचं म्हणजे कलकलाट, शेंबूड आणि हेडमास्तरांच्या मिनतवाऱ्या. अर्ज फाइलला लावला. फाइल कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

१७ जून
सुचलं! घशाच्या ऑपरेशननंतर मिरचीचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. मग कायद्यात कलमच घालायचं: प्रत्येक प्राध्यापकाने तपासणी समितीपुढे खऱ्या वर्गाला पाठ द्यावा. नापास झाल्यास पद गेलं, आणि वर्षभर प्रशिक्षणार्थी म्हणून बाकावर. तिलाच खरा वर्ग हवाय ना? घे म्हणावं. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. प्रश्न दर्जाचा आहे.

२४ जून
कलम मांडलं. टाळ्या! मंत्र्यांनी विचारलं, हे प्राचार्यांनाही लागू करायचं का? टाळ्या अजून विरल्या नव्हत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, सर्वप्रथम प्राचार्य! मग तर हॉल दणाणून गेला. मंत्र्यांनी स्वतः पाठ थोपटली.
घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, अहो, तुम्ही शाळेतलं पोर शेवटचं कधी शिकवलंत? म्हटलं, मी तत्त्वाचं बोललो. असली वाक्यं मसुद्यात ठेवत नसतात.

११ ऑगस्ट
विधेयक मंजूर. वाक्य ठेवलंय. "सर्वप्रथम प्राचार्य." ठळक अक्षरात.

१२ ऑगस्ट
रात्रभर विधेयक पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा बदलायला हवा.
शांतपणे पाहिलं तर फायद्याचंच आहे. आधी माझा पाठ, मग मिरचीचा. माझ्यानंतर तिचा म्हणजे तिची आणखीच फजिती.

२० ऑगस्ट
तयारी सुरू. विषय अपूर्णांक. प्रशिक्षणार्थींना मुलं केलं आणि पाठ घेतला. म्हटलं, घरी एक सफरचंद आहे, खाणारे चौघं, काय कराल? सगळे एका सुरात, सर, चार समान भाग करू! एकीने बोबडं बोलून शंका विचारली, तीही नेमकी पुढच्या मुद्द्याची. विनोदाला जागच्या जागी हशा. एका मिशाळ मुलाने तर निरागस डोळे केले. माझ्यात काहीतरी आहे. (वार्षिक गुण माझ्या हातात असतात, पण त्याचा इथे संबंध नाही.)

२ सप्टेंबर
मिरची केबिनमध्ये. जवळजवळ कुजबुजतच म्हणाली, एकदा खऱ्या वर्गावर जाऊन या, वर्ग मी मिळवून देते, फक्त तो अर्ज कपाटातून बाहेर काढा. म्हणजे सौदा! म्हटलं, बाई, आधी तुमच्या घशाचं सर्टिफिकेट आणा. तिला ठसका लागला. पाणी टेबलावर होतं, दिलं नाही. सवय लागते.

१४ सप्टेंबर
ही म्हणाली, आपल्या पोरानं तरी तुम्हाला कधी गणित विचारलं का? म्हटलं, पोरगा स्वाभिमानी आहे. ही म्हणाली, शेजारच्या शिंप्याला विचारायचा.
हिला क्वार्टर्सची काळजी. प्राचार्यपद गेलं तर हे घर सोडावं लागेल. अंगणासकट. म्हटलं, तू निश्चिंत राहा. तिने माळ्यावरून ट्रंका काढून पुसल्या. मला दाखवून पुसल्या.

२६ सप्टेंबर
पाठ झाला. एकंदरीत उत्तम. फक्त मुलं अप्रशिक्षित होती.
सफरचंदाचा प्रश्न टाकला. एक म्हणाला, मला सफरचंद आवडत नाही. दुसरा म्हणाला, सगळं दादा खाईल, तो मारतो. तिसरा म्हणाला, आमच्या घरी आम्ही सातजण आहोत. मी एका सुरातल्या उत्तरासाठी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग एकाला लघवीला लागली. सोडलं. मग सगळ्यांनाच लागली. उरलेल्यांना विनोद सांगितला. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी समितीच्या बाईंना म्हणाली, हे सर कधी जाणार?
मी तिचा कान धरला. हळूच. मार्गदर्शन म्हणून. ती मात्र असं भोकाड पसरून रडली की शेजारच्या वर्गातले शिक्षक धावत आले. समितीच्या बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि पुढे काही लिहिलंच नाही. बहुधा प्रभावित झाल्या असाव्यात.

२९ सप्टेंबर
मी नापास. मिरची पास. तिचा आवाज ऐकू यावा म्हणून मुलं म्हणे बाकं सोडून तिच्या टेबलाभोवती येऊन बसली. ही शिस्त?
मंत्र्यांना फोन केला. सेक्रेटरी म्हणाला, साहेब तुमचं नेहमी उदाहरण देतात, स्वतःच्या कलमाला स्वतः सामोरे गेलात म्हणून. अपील आहे का, विचारलं. अपिलाची तरतूद मीच काढून टाकली होती, याची त्यानेच आठवण करून दिली.

१० ऑक्टोबर
क्वार्टर्स सोडल्या. मिरची प्रभारी प्राचार्य. ही दारात उभी राहून तिला कुठल्या नळाचा वायसर गेलाय ते दाखवत होती. दोघी हसल्या. कशाला हसता विचारलं तर म्हणाल्या, काही नाही.
आता दोन खोल्या. ही भिंतीकडे तोंड करून झोपते. तत्त्वाच्या माणसाच्या वाट्याला हे येतंच, असं तिला सांगितलं. तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

४ नोव्हेंबर
प्रशिक्षणार्थी म्हणून पहिला आठवडा. खऱ्या शाळेचं वेळापत्रक लागेपर्यंत सराव-पाठ जुन्याच पद्धतीने चालणार आहेत. भूमिका आता मिरची वाटते. मी हुशार मुलगा मागितला. मठ्ठ मिळाला.
पाठ देणारी मुलगी बाविशीची. मला "बाळ" म्हणाली. तिने फळ्यावर लिहिलं, तीन चतुर्थांश मोठा की पाच अष्टमांश? म्हटलं, भूमिका गेली खड्ड्यात, जरा दाखवू या आपलं पाणी. हात वर केला, उभा राहिलो, आवाज थेट मागच्या भिंतीपर्यंत: पाच अष्टमांश! कारण पाचही मोठे आणि आठही मोठे!
वर्ग हसून हसून लोळला. त्या मिशाळ मुलाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.
मिरचीने शेऱ्यात लिहिलं, "मठ्ठ मुलगा: अभिनय वाटलाच नाही."
एवढं कौतुक तिने आजवर कुणाचंच केलेलं नाही.