नावगावासकट प्रार्थना

४ जून, पूर्णा
दोन बातम्या पाठवल्या. पाणीटंचाई, आणि पाणीटंचाईची आढावा बैठक. दुसरी छापतील.
संध्याकाळी एस्तरबाईंकडे. रेल्वे दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. मी त्यांना सिस्टर म्हणतो, त्या मला शास्त्रीबुवा. (पाठशाळेतली वर्षं अशी वसूल होतात.) त्यांच्या पायरीवर शेजारची रेणुका, आठवीतली, गुडघ्यात डोकं घालून. बाप नाही. चुलत्यानं वालूरचं स्थळ ठरवलंय, बारा तारखेला लग्न. "शाळा उघडायच्या आत उरकायलेत मला," म्हणाली. पंचांगात त्या दिवशी मुहूर्त नाही. काढीव असणार.

५ जून
बालविवाह रोखणाऱ्या साहेबांना भेटलो. "मांडवातच अडवू. पण तोवर गवगवा नको, नाहीतर जागा बदलतात."
सिस्टरना बजावलं. "म्या कशाला कुणाला सांगू?"

७ जून, शनिवार
जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या आज-उद्या अडचणीतल्या लेकरांसाठी प्रार्थना करतात. सिस्टरच्या ओसरीत दहा-बारा माणसं. मी कोपऱ्यात, बातमीपुरता. मोबाईल खिडकीत उभा केलेला, परदेशातल्यांनाही दिसावं म्हणून. आधी लांबच्या युद्धांमधल्या लेकरांसाठी मागणं झालं. मग सिस्टर, डोळे मिटून, रडत: "प्रभू, आमची रेणुका... वालूरला... बारा तारखेला... साहेबाची गाडी येळेवर पोचू दे."
नाव, स्थळ, तिथी. आमच्या संकल्पात असतं तसं सगळं.
सगळे आमेन म्हणाले. मी खिडकीकडे बघत होतो.
नंतर: "सिस्टर, हे सगळीकडं गेलं."
"सगळीकडं जावं म्हणूनच की, शास्त्रीबुवा! जितके जास्त मागतील तितकं..." मग थांबल्या. तोंडावर पदर.

८ जून
व्हिडिओ पुसला. उशीर. रेल्वे कॉलनीतल्या कुणीतरी आधीच पुढं पाठवलेला. चुलता सकाळी सिस्टरच्या दारात. "देवाला सांगितलं, मग आमाला बी सांगायचं की, सिस्टर!" ओरडला नाही. हसत होता.
दुपारी रेणुकाच्या घराला कुलूप.

९ जून
साहेब फोनवर: "जागा सांगा, आत्ता निघतो." जागाच तर... वालूरला मांडव नाही. पिंगळीला तिचा मामा, तिथं जाऊन आलो. "मला तर बोलावणंच न्हाई," म्हणाला. खरं बोलला असावा, रुसलेला दिसला.

११ जून
संपादक: "लग्न झालं का?" माहीत नाही. "मग बातमी काय?" बरोबर आहे त्यांचं.

१२ जून
सिस्टरच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर कुठकुठल्या देशांतून निरोप. मी मराठीत करून सांगतो. कुणी तिच्यासाठी उपास धरलाय. कुणाच्या नातवंडांनी मेणबत्ती लावली. एक बाई विचारते, पोरगी वाचली का?
सिस्टर जेवलेल्या नाहीत, दोन दिवस तरी.
"लिवा, प्रार्थना चालू ठेवा म्हणावं."
लिहायला घेतलं.
"नाव नका घालू आता."
बिननावाचं पाठवलं. लगेच उत्तर आलं: कुणासाठी?